आप्पांच्या गाडीला एसी

प्रिय आप्पा,

जयभीम.

तुम्ही गेल्यापासून नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिणार काय? तुम्ही होता तेव्हाही आपण फारसं कधी बोललो नाही. पण आज लिहिल्याशिवाय सुटका नाही. रविवारी सकाळी अजित दुकानावर येणार आहे, गाडी न्यायला. त्याला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आधी तुमच्या कानावर घातली नाही तर त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

कोण अजित, असं विचारू नका हं! मुलुंडच्या डॉक्टरांचा अजित. ज्यांच्याकडे तुम्ही एकतीस वर्षं ड्रायव्हर होता, त्यांचा मुलगा. आणि गाडी म्हणजे तीच, मोतिया रंगाची, गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्याला गियर असलेली. ती आत्ता कांजूरमार्गला माझ्या दुकानासमोर उभी आहे, आणि मी तिला एसी बसवलाय. हो, एसी! हसा खुशाल.

आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. त्या कामात मी खोट ठेवली. अजितवर जळून ठेवली. आणि त्याच्यावर मी जळतो ते तुमच्यामुळे, आप्पा.

मार्चमध्ये तो आला. मी एका टॅक्सीचा कॉम्प्रेसर खोलून जमिनीवर बसलो होतो. दारातूनच म्हणाला, "मिलिंद ना रे तू? आप्पांचा मिलिंद?" केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण हसणं तेच. मी हात पुसत उठलो. "या ना, अजितदादा." तोंडातून आपसूक दादा निघालं. बघा तुमची शिकवण!

तसा तो आला होता कामानेच. म्हणाला, "आईला वर्सोव्याला मावशीकडे जायचंय. मावशी आता अंथरुणाला खिळलीय. आई म्हणते, जाईन तर आपल्याच गाडीतून. भाड्याच्या गाडीत ती पाय ठेवत नाही. आणि मे महिन्यात त्या गाडीत बसवली तर माझी आई जोगेश्वरी यायच्या आत शिजेल यार. एसी बसेल का तिला?"

मी म्हटलं, नाही बसणार. खरंच तसं वाटत होतं. तुम्हाला सांगायला नको, ते एवढंसं इंजिन, स्वतःचं ओझं ओढता ओढता धापा टाकतं. त्याच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर लावायचा म्हणजे म्हातारबाबाच्या खांद्यावर गव्हाचं पोतं द्यायचं. शिवाय जुना डायनामो, त्याच्यावर दिवे धड लागत नाहीत, पंखे कुठून फिरणार?

त्यावर तो हसून म्हणाला, "आप्पा म्हणायचे, नाही म्हणायला अक्कल लागत नाही."

आप्पा म्हणायचे! माझ्या दुकानात उभं राहून, माझ्याच तोंडावर, आप्पा म्हणायचे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, तो तुम्हाला आप्पाच म्हणतो. डॉक्टर तुम्हाला नावाने हाक मारायचे, डॉक्टरीणबाई भाऊ म्हणायच्या, मग ह्याने आप्पा कुठून उचललं? माझ्याकडूनच ना? तेवढ्यासाठी मी काम घेतलं. म्हटलं, बघू या कोणाला किती अक्कल आहे.

मग तो एक दिवसाआड यायला लागला. रिटायर झालाय, मुलगी पुण्याला, वेळच वेळ. स्टुलावर बसायचा, कटिंग मागवायचा, आणि सुरू. आप्पा म्हणायचे, ब्रेक पायाने नाही, डोळ्याने मारायचा. आप्पा म्हणायचे, समोरच्या गाडीकडे बघू नकोस, तिच्या समोरच्या गाडीकडे बघ. आप्पांनी मला चेकनाक्याच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकवली. मॅट्रिकला गणितात उडालो तेव्हा बाबांना आधी आप्पांनी सांगितलं, आणि मग मला आत पाठवलं. मी पान्याने नट आवळत होतो आणि ऐकत होतो. एका माणसात किती आप्पा असतात हो?

कारण घरी आलेले आप्पा मला आठवतात ना! रात्री साडेनऊला चपला दारात. "मीठ दे." "दार लाव." "फी भरली का?" की झोपलात. रविवारी तरी घरी असायचात का? रविवारी डॉक्टरांना गाडी लागायची, मुलांना फिरवायला. त्यांच्या मुलांना! मी तक्रार केली तर आई म्हणायची, पगार त्याचाच मिळतो. बरोबर होतं तिचं. पण पोरगा तुमचा होतो मी, पगारी नव्हतो.

अठराव्या वर्षी मी तुम्हाला म्हटलं होतं, मला गाडी शिकवा. आठवतं? तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "तुला ड्रायव्हर नाही व्हायचं." बस, विषय संपला. आयटीआयला फ्रिज-एसीच्या कोर्सला घातलंत. आज त्याच्यावर घर चालतंय, दुकान स्वतःचं आहे, दोघी पोरी शिकल्या. तुमचा हिशेब चुकला नव्हता हे मला कळतं. पण आप्पा, मला ड्रायव्हर व्हायचंच नव्हतं! मला फक्त तुमच्या शेजारी बसायचं होतं.

एकदा तुमची सून रेखा म्हणाली, "तुम्ही नक्की कशावर जळताय? त्यांच्या गाडीवर?" मी म्हटलं, गाडीवर कशाला जळू, गाडी तर माझ्याच ताब्यात आहे. ती म्हणाली, "मग गेलेल्या माणसावरून कसली वाटणी करताय?" तिला म्हणायला काय जातंय. तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय.

काम मात्र मी मन लावून केलं, हे लिहून ठेवतो. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. रेडिएटरला नळ्यांची एक रांग वाढवून आणली, पुढे पंखा लावला. अगदी लहान गाडीचा कॉम्प्रेसर शोधला, त्याची बैठक स्वतः पत्रा कापून तीनदा बनवली, कारण दोनदा पट्टा तिरका जात होता. गार हवा सोडणारी पेटी डॅशबोर्डच्या खाली अशी लपवली की तुम्हीसुद्धा पहिल्या नजरेत ओळखली नसती. मूळ गाडीला एकही नवीन भोक पाडलं नाही. तुमची गाडी म्हणून नाही पाडलं.

राहिला होता एक पाइप. कॉम्प्रेसरमधून पुढे जाणारा, जो तापतो. हात लागला तर फोड येईल इतका. तो लावायच्या दिवशी अजित आला आणि म्हणाला, "आप्पा काय गायचे रे!"

माझ्या हातातला पाना थांबला. "गायचे?"

"अरे, म्हणजे काय! बाबा उतरले की सुरू. आम्ही दोघंच असलो ना, तर मुलुंड ते घाटकोपर, फुल्ल. गळा काय झकास होता! तुम्हाला घरी म्हणून दाखवत असतील ना?"

मी म्हटलं, हो, म्हणायचे की. खोटं बोललो, आप्पा. त्याच्यासमोर काय सांगू, माझ्या बापाचा गळा मला माहीत नाही म्हणून? घरी तुमच्या तोंडून साधी शीळ ऐकली नव्हती मी. आई गेली तिलाही माहीत नव्हतं. तुम्ही गायचात आणि ते ऐकायला हा होता?

तो गेला. मी बॉनेटखाली वाकलो आणि तो पाइप इंजिनावरच्या पेट्रोलच्या छोट्या पंपाशेजारून नेला. मुद्दाम नव्हता नेला, तिथून जवळ पडत होता. पण क्लिप आवळताना दिसलं की दोघांत दोन बोटांचं अंतर आहे. पंप तापला की आतलं पेट्रोल वाफ धरतं आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. हे मला कळत नाही असं नाही. पाइप सोडवून दुसऱ्या अंगाने न्यायला अर्धा तास लागला असता. मी बघितलं, आणि बॉनेट लावलं. मनात म्हटलं, पडू दे बंद. बघू दे मग आप्पा काय म्हणायचे ते.

दुकानासमोर गाडी चालू ठेवून तपासली तेव्हा काही झालं नाही. चढ आणि गर्दी कुठे होती तिथे! अजितने काचा वर केल्या, दोन मिनिटांत आत गारवा, आणि तो लहान मुलासारखा ओरडला. मला मिठी मारली. माझ्या पाठीवर त्याचे हात, आणि माझ्या डोक्यात तो पाइप.

आणि मग म्हणाला, "तू पण चल वर्सोव्याला. तुझं काम आहे, तू पुढे बस." नाही कसं म्हणणार? खरं सांगू, नाही म्हणायचंही नव्हतं. त्या गाडीत मी बावन्न वर्षांत एकदाही बसलो नव्हतो.

बाई आता शहाऐंशीच्या आहेत. मागे बसल्या, काठी मांडीवर. पवई येईपर्यंत काय थाट होता आमचा! शेजारचे रिक्षावाले वाकून बघत होते. बाई म्हणाल्या, "मिलिंद, शाल आणायला हवी होती रे." मला इतकं बरं वाटलं की पाइप विसरलो.

पवईच्या चढावर पुढे डंपर, मागे बस, आणि बारा वाजताचं ऊन. गाडीने दोन आचके दिले आणि बंद. स्टार्टर फिरतोय, ती काही घेईना. एसी गेला, काचा खाली केल्या, बाहेरची झळ आत. मागून हॉर्न. एक टेम्पोवाला ओरडला, "अंकल, म्युझियम में रखो ना इसको!" मी मागे बघितलं तर बाईंचा चेहरा लाल, ओठ कोरडे. तेव्हा मला जे झालं, ते तुम्हाला सांगता येणार नाही. मला गाडीवर राग काढायचा होता, अजितवर काढायचा होता. ह्या म्हाताऱ्या बाईने माझं काय वाकडं केलं होतं? पाचवीत असताना मला कावीळ झाली तेव्हा हिनेच तुमच्या हाती उसाचा रस पाठवला होता.

एका सोसायटीच्या वॉचमनने खुर्ची दिली. बाईंना झाडाखाली बसवलं, मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो. अजितने बॉनेट उघडलं, बाईंचा रुमाल मागून घेतला, पाण्याने भिजवला, पिळला, तीन घड्या घातल्या आणि बरोबर त्या पंपावर ठेवला. म्हणाला, "आप्पा असंच करायचे. आता दहा मिनिटं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

ही ओल्या फडक्याची युक्ती मलाही येते. मला ती कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याने शिकवली, शिव्या देत देत. अजितला मात्र तुम्ही शिकवलीत. मी तिथे वारा घालत उभा होतो, स्वतःच्या पापाने घामाघूम झालो होतो, आणि तरी मला हेवा वाटला! असला कसला मी?

बाई डोळे मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊंच्या हातात ती कधी अशी रस्त्यात राहिली नाही."

अजित लगेच म्हणाला, "आई, तिच्यावर पहिल्यांदाच एवढा लोड टाकलाय. मिलिंदचा दोष नाही गं."

मिलिंदचा दोष नाही! आप्पा, तुम्ही तिथे असता तर एका नजरेत त्या पाइपाकडे बघितलं असतं आणि मग माझ्याकडे. काही बोलला नसतात. ते बरं झालं असतं.

गाडी सुरू झाली. एसी न लावता आम्ही हळूहळू वर्सोव्याला पोचलो. बाईंनी लिंबू सरबत घेतलं, बहिणीचा हात हातात घेऊन दोन तास बसल्या, परत येताना ऊन उतरलं होतं. त्या ठणठणीत आहेत, काळजी करू नका. मुलुंडला उतरल्यावर अजित म्हणाला, "जाऊ दे मिलिंद, एसी काढून टाकू या. तू एवढी मेहनत केलीस, पण ह्या म्हाताऱ्या गाडीला नाही झेपत." त्याला माझ्याबद्दलच वाईट वाटत होतं! मी म्हटलं, चार दिवस द्या, गाडी माझ्याकडे ठेवा.

अर्ध्या तासाचं काम. पाइप पलीकडच्या अंगाने फिरवला, वर तापरोधक पट्टी गुंडाळली, पंपासमोर पत्र्याचा आडोसा केला. काल भर दुपारी अजितला बोलावलं आणि त्याच चढावर दोनदा नेलं. इंजिनाच्या तापाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. एसी चालू असताना चढावर थोडी रेंगाळते, पण तेवढं म्हातारपण तिला शोभतं. अजितने विचारलं, "काय केलंस रे?" मी म्हटलं, थोडा पाइप हलवला. तो म्हणाला, "मानलं तुला!" आणि मी ती शाबासकी खिशात घातली.

परत येताना भांडुपच्या आत, एका बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीकडेच्या रस्त्यावर त्याने गाडी थांबवली. खाली उतरला, वळसा घालून माझ्या दारात आला. "सरक. तू चालव."

मी म्हटलं, "अजितदादा, माझ्या गाडीचा गियर खाली असतो. हा मला येत नाही."

"येत नाही म्हणजे? आप्पांनी तुला शिकवलं नाही?"

ह्या वेळी मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "नाही. मला ह्या गाडीला हात लावू दिला नाही. गाणंही कधी म्हणून दाखवलं नाही. तुम्हाला दिलं ते सगळं, मला नाही."

तो काहीतरी गोड बोलेल, समजूत घालेल असं वाटलं. पण नुसता म्हणाला, "बस."

मी तुमच्या जागेवर बसलो. त्याने माझा डावा हात उचलून त्या दांड्यावर ठेवला आणि वरून आपला ठेवला. "ढकलायचा नाही. आपल्याकडे ओढायचा, मग वर. थांब, क्लच पूर्ण दाब. आता." गियर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला खर्रकन आवाज आला तर तो म्हणाला, "होतं. माझंही व्हायचं. आप्पा असाच हात धरून ठेवायचे, सोडायचेच नाहीत." आम्ही त्या भिंतीच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या. मला नीट दिसत नव्हतं, आणि त्यात चष्म्याचा काही दोष नव्हता.

त्याचा हात घामेजलेला होता, जड होता. तुमचा असाच असायचा का हो, आप्पा? मला माहीत नाही. त्याला माहीत आहे.

म्हणून कालपासून झोप नाही. मी ज्याच्या गाडीत खोट ठेवली, ज्याच्या आईला उन्हात बसवलं, त्याच माणसाने मला तुमचा हात आणून दिला. आणि तो अजून समजतोय की मिलिंदचा दोष नाही.

रागावू नका म्हणत नाही. रागवा. पण थोडे स्वतःवरही रागवा. घरी एकदा तरी गायला असतात, तर त्या पाइपाला वळसा मी पहिल्याच दिवशी घातला असता.

माझा शब्द घ्या. रविवारी तो आला की आधी बॉनेट उघडीन. पाइप पहिल्यांदा कुठून गेला होता ते बोटाने दाखवीन, मला ते दिसलं होतं हेही सांगेन, आणि बाईंच्या पायाशी जाऊन तेच सांगेन. तुम्हाला मध्ये घालणार नाही, दोष माझा. त्याने दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही तरी चालेल. आणि चढला, तर लाज सोडून एकच मागणार आहे. म्हणणार आहे त्याला, आप्पा गायचे त्यातलं एक, बेसूर का होईना, मला म्हणून दाखवा.

तुमचा सख्खा,
मिलिंद